भाकरी थांबली

सोफ्यावरूनच पहिली ठिणगी पडली.

दर रविवारी दुपारचा चहा झाला की कमल आणि तिची सून शुभा तो धूड सोफा ढकलत बेडरूममध्ये न्यायच्या आणि हॉलभर सतरंज्या अंथरायच्या. घरमंडळी, म्हणजे घरातच प्रार्थनेला जमणारी ख्रिस्ती मंडळी, खाली बसायची. बोरीवलीत चाळ होती तेव्हा खाली बसायची, चाळ पाडून त्याच जागेवर बिल्डिंग उभी राहिली तरी खालीच बसायची. आणि आज कमलच्या मुलाने, किरणने, तोच सोफा हॉलच्या ऐन मध्यावर आणून ठेवला होता. वर नवं कव्हर, समोर टीपॉय, टीपॉयवर पाण्याची सीलबंद बाटली. जणू कुणाचं रिसेप्शनच होतं.

"हे काय रे?" कमलने विचारलं.

"पास्टर अंबादास येतायत ना, आई. अंधेरीत एवढा मोठा हॉल आहे त्यांचा. त्यांना काय सतरंजीवर बसवायचं?"

"गुडघे दुखतात का त्यांचे?"

"तसं नाही गं..."

"मग बसतील खाली. गुडघे माझे दुखतात. मी बसते ना?"

किरणने हात जोडले. "आई, प्लीज. आज तरी नको. आज सगळं ठरणार आहे."

काय ठरणार होतं ते कमलला ठाऊक होतं. किरण एसीच्या कंपनीत सेल्सला होता, आणि अलीकडे त्याला आपल्या घरातली मंडळीसुद्धा पडून राहिलेल्या मालासारखी वाटायला लागली होती. पास्टर अंबादास यांची मोठी मंडळी या घरमंडळीला आपली बोरीवलीची शाखा करून घेणार, भाड्याचा हॉल, बाहेर बोर्ड, आत माईक, आणि शाखेचा प्रमुख म्हणून किरण. कमल एवढंच म्हणाली होती, "बघू." आईचं 'बघू' म्हणजे 'हो', हा किरणचा लहानपणापासूनचा गैरसमज होता.

तेवढ्यात लॅचची किल्ली फिरली आणि शुभा आत आली. हातात स्टीलचा डबा. सासूला बघितल्यावर तिने तो ओढणीआड धरला.

"कुठे गेली होतीस गं?"

"खालीच, आई. कोथिंबीर आणायला."

डब्यात कोथिंबीर कोण आणतं? पण बेल वाजली, पाठोपाठ पुन्हा वाजली, आणि कमलचं विचारायचं राहून गेलं.

माणसं जमली. काजूपाड्याची चार घरं आली. निवृत्त शिक्षिका मृणालिनीबाई आल्या, त्यांनी सोफ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि मुद्दाम त्याला पाठ करून खाली बसल्या. कमलचे दीर धोंडिराम आले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आणि त्यांच्या मागून, की-बोर्डची बॅग खांद्याला लावून, त्यांचा मुलगा प्रज्योत आला.

त्याला बघून कमलचा जीव भरून आला. रागही आला, नाही असं नाही, पण आधी जीव भरून आला.

जूनमध्ये एका संध्याकाळी प्रज्योतची बायको माधुरी याच दारात येऊन उभी राहिली होती. जबडा सुजलेला, एका पायात चप्पल. कमलचा जन्म म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नर्सगिरी करण्यात गेला; पडल्याची सूज कोणती आणि मारल्याची कोणती, हे तिला सांगावं लागत नव्हतं. माधुरी म्हणाली, "काकू, पहिल्यांदा मारलं तेव्हा मी कुणाला बोलले नाही. आता परत जाणार नाही." जालन्याला तिच्या आईबापांनी फोनवर ऐकवलं, नांदायला जा, आमच्या दारात येऊ नकोस. सासरे धोंडिराम म्हणाले, घरोघरी मातीच्या चुली. तिच्यामागे उभी राहिली ती एकटी कमल आणि ही घरमंडळी. मागाठाण्याला खोली मिळवून दिली, पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी टिकवली. दर रविवारी माधुरी यायची, कमलच्या शेजारी बसायची, आणि आठवड्यात तेवढीच काय ती पोटभर हसायची. या चार भिंती सोडल्या तर मुंबईत तिला माणूस म्हणून उरलं नव्हतं.

प्रज्योतने मात्र येणं सोडलं होतं. कमलने त्यालाही सोडलं नव्हतं. कितीदा ती त्याच्या दाराशी जाऊन आली. कधी त्याने दार उघडलं, कधी नाही. आज तो आपल्या पायांनी आला होता, आणि कमलला वाटलं, पोराला पश्चात्ताप झाला.

"आलास? बरं केलंस," ती म्हणाली.

"हो काकू." त्याने नजर दिली नाही, वायर सोडवत बसला.

मग पास्टर अंबादास आले. मऊ आवाजाचा, टक्कल पडत चाललेला माणूस. त्यांनी सोफा पाहिला, सतरंजीवरची माणसं पाहिली, बूट काढले आणि सरळ मृणालिनीबाईंच्या शेजारी मांडी घालून बसले. किरणचा चेहरा बघण्यासारखा झाला. सोफा रिकामाच राहिला आणि त्याच्यामुळे दोघातिघांना दाराशी अंग चोरून बसावं लागलं.

गाणी झाली. प्रज्योतने की-बोर्ड झकास वाजवला, त्यात वाद नाही. पास्टरांनी डोळे मिटून ताल धरला आणि किरण त्यांच्याकडे, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा, बघत राहिला. मग मधल्या चौरंगावर प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायचं, ताट आलं. ताटात ज्वारीची भाकरी, शेजारी काळ्या मनुका उकळून केलेला रस, एकाच पेल्यात. कमलने पदर सावरला.

"आता नावं घेऊ," ती म्हणाली. पाहुण्यांना कळावं म्हणून तिने थोडक्यात सांगितलं. ही घरमंडळी तिच्या सासूने, सोनूबाईने, चाळीतल्या खोलीत सुरू केली. शेजारच्या खोलीत खंडू नावाचा एकटा माणूस राहायचा, स्टोव्ह दुरुस्त करायचा. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. एका रविवारी आला नाही. गावी गेला असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. गाणी झाली, प्रार्थना झाली, भाकरी मोडली, खाल्ली. खंडू भिंतीपलीकडे तापाने फणफणून पडला होता. दुसऱ्या दिवशी दार फोडलं तेव्हा तो संपलेला होता.

"तेव्हापासून आमच्याकडे रीत आहे," कमल म्हणाली. "जो आला नाही त्याचं नाव घ्यायचं. तो का आला नाही, ते ज्याला खरं ठाऊक असेल त्याने सांगायचं. कुणालाच ठाऊक नसेल तर एकाने उठून त्याच्या दारी जाऊन यायचं. तोवर भाकरी थांबते."

"सुंदर," पास्टर म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले.

नावं सुरू झाली. काजूपाड्याचा एक मुलगा परीक्षेला पुण्याला गेलेला. एका आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, काल दोघी बघून आल्या होत्या. मग कमल म्हणाली, "माधुरी."

तिने दारापर्यंत बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

"माधुरी कुठंय? आज भाकरीचा नंबर तिचा. सकाळपासून मी वाट बघतेय."

"तिला बरं नाहीये, आई," किरण म्हणाला. "अंग दुखतंय म्हणाली."

"बघून कोण आलं?"

"शुभा बोललीय ना फोनवर. आराम करतेय ती. हो ना गं?"

शुभाने मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हे कमलने नीट पाहायला हवं होतं. पण पाहुणा समोर, माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि प्रज्योत इतक्या दिवसांनी आलेला. तिने ते खरं धरलं.

"बरं. प्रार्थनेनंतर मी जाऊन येते तिच्याकडे. म्हणजे आजची भाकरी शुभाने केली?" कमल हसली. "देवा, दात सांभाळ रे आमचे!"

सगळी मंडळी हसली. शुभाची भाकरी हा या घरातला जुना विनोद होता. कमलने प्रार्थना केली, भाकरी उचलली आणि मोडली. ताट फिरलं. एकेकाने तुकडा घेतला आणि हातात धरून ठेवला, कारण सगळ्यांना मिळाल्याशिवाय कुणी तोंडात घालायचं नाही.

कमलच्या हातातला तुकडा मऊ होता. पातळ, नीट भाजलेला, पापुद्रा सुटलेला.

"अगंबाई, शुभा! केव्हा शिकलीस? मला पत्ताच नाही. नाहीतर तुझी भाकरी म्हणजे नुसता नकाशा!"

पुन्हा हसू उठलं. आणि हसता हसता सगळ्यांच्या लक्षात आलं की शुभा रडतेय.

"मी नाही केली, आई," ती म्हणाली. "माधुरीनेच केलीय."

"माधुरीने? ती तर आजारी आहे ना?"

"शुभा," किरण दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही, मला नाही जमत हे. हातात भाकरी धरून नाही जमत." शुभाने डोळे पुसले. "ती आजारीबिजारी काही नाही. किरणने काल तिला फोन केला. म्हणाला, उद्या प्रज्योत येणार आहे, पाहुणे येणार आहेत, तू उद्याचा दिवस येऊ नकोस. आणि म्हणाला, भाकरी मात्र पाठव, शुभाला जमत नाही. ती डबा घेऊन आली, गेटपाशी उभी राहिली, मी खाली जाऊन घेऊन आले. वर ये म्हणायची माझी हिंमत झाली नाही."

आता सांगा, असं कुणी बोलतं? भाकरी पाठव, तू येऊ नकोस! कमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षणभर तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिने किरणकडे पाहिलं आणि तिला कळलं की शब्द न् शब्द खरा आहे.

"कुणी खायची नाही," ती म्हणाली. "तुकडे हातात राहू द्या."

"आई, इथे नको. नंतर बोलू."

"इथेच बोलायचं. खोटं इथे बोललास ना? मग खरंही इथेच होऊ दे."

"एका दिवसाचा प्रश्न होता गं! प्रज्योतशिवाय गाणी कशी झाली असती? आणि ती दोघं समोरासमोर आली असती तर तमाशा झाला असता, पाहुण्यांसमोर. एका रविवारने असं काय आभाळ कोसळतं?"

"खंडूच्या वेळीसुद्धा एकच रविवार होता."

आता धोंडिरामांनी घसा खाकरला. शहरातल्या जुन्या मंडळीच्या कमिटीवर वर्षानुवर्षं बसलेला माणूस. कुठलीही गोष्ट कमिटीच्या ठरावासारखी मांडायची सवय. "वहिनी, किरणचं चुकलं म्हणू नका. मीच त्याला सुचवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. नवराबायकोचं भांडण आहे, आज ना उद्या मिटेल. बाहेरच्या माणसासमोर घराची अब्रू कशाला उघडी करायची?"

"भांडण?" कमलचा आवाज चढला. "भाऊजी, भांडण दोघांत होतं. तिचा जबडा मी शेकलाय. ह्याच्या कुठल्या गालाला सूज आली होती ते दाखवा मला."

"अहो, पण..."

"चोर सोडून संन्याशाला फाशी! मारणारा आत बसून की-बोर्ड वाजवतोय आणि जिने मार खाल्ला ती गेटवर. ही तुमची अब्रू? भाऊजी, तुमचे आजोबा नेवाश्याकडच्या गावात महारवाड्यात राहायचे ना? त्यांना गावात भाकरी कशी मिळायची, ते मामंजींनी आपल्याला किती वेळा सांगितलं?"

धोंडिरामांची नजर खाली गेली. "वरून टाकायचे," ते पुटपुटले.

"वरून. हात लागू नये म्हणून. राबायला मात्र चालायचे. त्या माणसाने येशूला का धरलं? कुणाच्या भाषणाने नाही. मिशनच्या बंगल्यात त्याला पहिल्यांदा सगळ्यांबरोबर एका ताटात घास मिळाला म्हणून धरलं. आणि आपण, त्याची नातवंडं-पतवंडं, आज काय केलं? त्या गाववाल्यांच्याही पुढे गेलो! त्यांनी निदान भाकरी स्वतःची दिली. आपण भाकरी तिची घेतली आणि तिलाच उंबऱ्याबाहेर ठेवली. लाज वाटते मला. या घराची, या ताटाची, माझी स्वतःची लाज वाटते."

काजूपाड्याच्या एका बाईने हातातला तुकडा पदराआड धरला.

"ताई," पास्टर अंबादास हळूच म्हणाले, "मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या भगिनींना बोलवू नका, असं मी कधीच म्हटलं नसतं."

"माहितीय मला. तेच तर जास्त वाईट आहे. तुम्ही मागितलं असतंत तर मी तुम्हाला दार दाखवलं असतं आणि विषय संपला असता. तुम्ही मागितलंच नाहीत. माझ्या पोराने आपणहून देऊन टाकलं."

पास्टरांनी मान खाली घालून हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

प्रज्योत उठून उभा राहिला. "काकू, मी निघतो. माझ्यामुळेच होतंय सगळं."

"बस खाली. बळीचा बकरा व्हायला तुला कुणी सांगितलं नाही. तुला मीच बोलावत होते, तू आलास, मला बरं वाटलं. पण मी तिचं नाव घेतलं तेव्हा ती का नाही हे तुला ठाऊक होतं की नाही?"

त्याने की-बोर्डची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"ठाऊक होतं. आणि तू वायर नीट करत बसलास. मूग गिळून. प्रज्योत, हात उचलणं हे एक झालं. हे दुसरं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो बसला, पण भिंतीकडे तोंड करून.

कमल गुडघ्यावर हात टेकून उठली. ताट उचललं आणि एकेकापुढे धरलं. "परत ठेवा यात. ही भाकरी खोट्यावर मोडली गेली, हिला आपण प्रभुभोजन म्हणू शकत नाही. रीतीप्रमाणे एकाने उठून जायचं असतं. मी जातेय."

एकेक तुकडा ताटात परत आला. मृणालिनीबाईंनी आपला तुकडा ठेवताना पास्टरांकडे पाहून सांगितलं, "मी सगळं आयुष्य मोठ्या चर्चला गेले हो. तिथे मी चार महिने आजारी होते, कुणाला कळलंही नाही. इथे दुसऱ्या दिवशी कमल दारात." किरणने मात्र तुकडा ठेवला नाही. तो हातात धरून आईसमोर उभा राहिला.

"आई, तू आत्ता गेलीस तर हे सगळं फिसकटेल. हॉल, शाखा, सगळं. मी किती धावपळ केलीय, कल्पना आहे तुला? लोकांसाठीच करतोय ना मी? इथे हॉलमध्ये पंधरा माणसं बसतात. तिथे दोनशे बसतील!"

"बसू देत की. चांगलंच आहे. त्या दोनशेंतलं एखादं आलं नाही, तर तुला कळेल?"

"लगेच असं बोलतेस."

"तू पंधरांतली एक मोजून वगळलीस, किरण. दोनशेंत काय करशील?"

किरणचे डोळे भरले. आईला त्याची दया आली, पण रागाच्या खाली दबलेली. तिने ताट पुढे धरून ठेवलं. शेवटी त्याने तुकडा टाकला, ठेवला नाही, टाकला, आणि आत निघून गेला. बेडरूमचं दार आपटल्याचा आवाज झाला.

"थांबा आई, मी येते," शुभा म्हणाली आणि तिने ताटावर स्वच्छ फडकं झाकलं.

खाली येऊन दोघींनी रिक्षा पकडली. हायवेच्या सिग्नलला शुभा म्हणाली, "किरण मला घरात घेणार नाही आज." कमल म्हणाली, "घर माझ्या नावावर आहे." त्या परिस्थितीतही शुभाला हसू आलं.

मागाठाण्याची ती खोली पहिल्या मजल्यावर होती, बाहेरून लोखंडी जिना. कमल एकेक पायरी धापा टाकत चढली. आतलं दार उघडंच होतं, जाळीचं दार लावलेलं. माधुरी जाळीमागे येऊन उभी राहिली. रडलेली नव्हती. तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"झाली का प्रार्थना?" तिने विचारलं.

"नाही झाली. तुझ्याशिवाय कशी होईल? माधुरी, मला ठाऊक नव्हतं गं. आत्ता कळलं. ही भाकरी घेऊन आलेय. चल, किंवा इथेच..."

"भाकरी घेऊन आलात? काकू, ती माझीच आहे. पहाटे उठून पीठ मळलंय मी. आता माझीच भाकरी मला उपकार केल्यासारखी देता?"

कमलने ताट खाली धरलं.

"जालन्याला आईने दार लावलं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं," माधुरी म्हणाली. "ते सवयीचं आहे. पण तुमच्याकडे, मी आले नाही तर माझं नाव घेतलं जाईल, या भरवशावर यायचे. काकू, आज डबा दिल्यावरही मी गेटवरच उभी राहिले, वर गाणी सुरू झाली तरी. वॉचमनने विचारलं, मॅडम, डिलिव्हरीला आलात का? मी हो म्हटलं."

शुभाने तोंडावर हात दाबला.

शुभाचा फोन वाजला. धोंडिराम. तिने स्पीकरवर टाकला.

"शुभा, वहिनींना सांग, आम्ही सगळे थांबलोय. पास्टरही थांबलेत. मी प्रज्योतशी बोललो. तो सगळ्यांसमोर माधुरीची माफी मागायला तयार आहे. लगेच. तिला घेऊन या फक्त. पाहुण्यांसमोर देवाच्या कामाची फार चांगली साक्ष होईल बघ."

"साक्ष!" जाळीमागून माधुरी ओरडली. "मारलं तेव्हा दार बंद होतं. टीव्हीचा आवाज मोठा केला होता. आणि माफी मात्र पाहुण्यांसमोर, की-बोर्डच्या साथीवर? मग सगळे म्हणणार, आता माफ कर, ख्रिस्ती आहेस ना? नाही केलं तर वाईट मी!"

धोंडिराम म्हणाले, "वहिनी, तुम्ही समजावा ना तिला. तुमचं ऐकते ती."

सगळं किती सोपं झालं असतं. एक 'चल गं पोरी' म्हटलं असतं, तर कदाचित माधुरी आलीही असती, केवळ काकूच्या शब्दाखातर. किरणचा राग निवला असता, दिराचं मन राहिलं असतं, भाकरी मोडली गेली असती. कमलने ते सगळं एका क्षणात पाहिलं आणि तिला स्वतःचाच संताप आला, की असा विचार आपल्या मनात आलाच कसा.

"भाऊजी, ती येणार नाही," ती म्हणाली. "आणि मीही येणार नाही. आज मंडळी इथे बसेल, माधुरी बसू देईल तर. ज्यांना यायचंय त्यांनी या. प्रज्योतने यायचं नाही."

"म्हणजे माझ्या मुलाला तुम्ही मंडळीबाहेर काढताय?"

"कुणी काढत नाही. त्याचं नाव घेऊ. उद्या मी त्याच्याकडे जाईन, परवाही जाईन. त्याने काय केलं ते त्याने आधी मला, एकटीला, दार लावून, तोंडाने सांगावं. मग पुढचं. पण आज मी त्याच्याकडे आलेली नाही. आज मी हिच्याकडे आलेय."

तिने शुभाला फोन बंद करायला लावला.

खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग माधुरीने कडी काढली. मिठी मारली नाही, पाया पडली नाही, नुसती बाजूला झाली. दोघी आत आल्या. कमल खाटेवर बसली नाही, खालीच बसली, आणि तिने ताट पुढे ठेवलं.

"ही मी खाणार नाही," माधुरी म्हणाली. "तुम्ही रागवा, पण ही नाही खाणार."

"मीही नाही खाणार," कमल म्हणाली.

माधुरी ओट्याकडे वळली. "थांबा, दुसरी करते. पीठ आहे."

"तू बस." कमल जमिनीला हात टेकून, कण्हत, पुन्हा उठली आणि तिने साडीचा पदर कमरेला खोचला. "तू एक केलीस ती पुरे झाली. परात कुठंय ते सांग. आज थापणार मी."